फरश्यांचे गणित : क्षेत्रफळ, परिमिती आणि संख्यांची रचना

१. एकाच खोलीचे दोन हिशेब

रायपूरच्या परिसरातील खाणींतून निघणारा फरशीचा दगड या भागातील अनेक जुन्या घरांच्या ओसरीत आणि अंगणात बसविलेला आढळतो. अशा एखाद्या घरी गवंडी काम करीत असेल, तर त्याला दोन वेगवेगळे हिशेब करावे लागतात. समजा, खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे आणि प्रत्येक फरशी एक फूट लांब व एक फूट रुंद आहे. एका ओळीत १२ फरश्या बसतील, अशा १० ओळी होतील. म्हणजे १२० फरश्या आणाव्या लागतील. आता त्याच खोलीच्या भिंतींच्या पायथ्याशी सर्व बाजूंनी पट्टी बसवावयाची आहे. तिची लांबी १२ + १० + १२ + १० म्हणजे ४४ फूट होईल. तीन फुटांचे दार वगळले, तर ४१ फूट पट्टी पुरेल.

पहिला हिशेब क्षेत्रफळाचा आहे, दुसरा परिमितीचा. क्षेत्रफळ म्हणजे आकृतीने व्यापलेली जागा. ती चौरस फुटांनी मोजतात. परिमिती म्हणजे आकृतीच्या कडांची एकूण लांबी. ती साध्या फुटांनी मोजतात. शाळेत या दोहोंची सूत्रे लागोपाठ शिकविली जातात आणि पुष्कळ विद्यार्थी एकाच्या जागी दुसरे लिहून मोकळे होतात. हा दोष केवळ स्मरणशक्तीचा नव्हे. कुंपण मोठे असले म्हणजे आतील जागाही मोठी असणारच, अशी एक समजूत मनात दडून बसलेली असते. ती समजूत खरी नाही, आणि जमिनीच्या व्यवहारात ती मोठे नुकसान करू शकते. चौरस फरश्यांच्या साहाय्याने ती तपासून पाहणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

साहित्य अगदी थोडे लागेल. जाड पुठ्ठ्याचे, दोन सेंटिमीटर बाजू असलेले चाळीस चौरस कापून घ्यावेत. यापुढे त्यांनाच आपण ‘फरश्या’ म्हणू आणि फरशीच्या एका बाजूची लांबी हे ‘एक एकक’ धरू. नियम एकच : दोन फरश्या शेजारी ठेवताना एकीची संपूर्ण कड दुसरीच्या संपूर्ण कडेला भिडली पाहिजे, आणि सर्व फरश्या मिळून एकच अखंड आकृती झाली पाहिजे. केवळ कोपऱ्याला कोपरा लागलेला चालणार नाही.

२. चोवीस फरश्यांचे आयत

चोवीस फरश्या घेऊन जितके वेगवेगळे आयत रचता येतील तितके रचावेत आणि प्रत्येकाची परिमिती मोजावी. पुढील चार आयत मिळतील :

१ × २४ : परिमिती ५०
२ × १२ : परिमिती २८
३ × ८ : परिमिती २२
४ × ६ : परिमिती २०

चारही आयतांचे क्षेत्रफळ २४ चौरस एककेच आहे. एकही फरशी कमी अथवा अधिक झालेली नाही. तरीही परिमिती ५० पासून २० पर्यंत उतरली. आयत जितका लांबट, तितकी त्याची परिमिती अधिक. तो चौरसाच्या जितका जवळ, तितकी परिमिती कमी.

हाच प्रयोग २३ फरश्यांनी केल्यास १ × २३ हा एकच आयत मिळतो. ज्या संख्येच्या फरश्यांपासून एकेरी ओळीखेरीज दुसरा आयत होत नाही, त्या संख्येला (१ ही संख्या वगळून) मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ या मूळ संख्या फरश्या मांडून विद्यार्थ्यांना स्वतःच शोधून काढता येतील.

३. परिमिती विषम का होत नाही?

आता आयताचे बंधन सोडून २४ फरश्या हव्या तशा, परंतु वरील नियम पाळून, मांडाव्यात. प्रत्येक वेळी परिमिती मोजावी. आकृतीच्या आत पोकळी राहिली असल्यास तिच्या कडाही मोजाव्यात. अनेक मांडण्या करून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल की परिमिती नेहमी समसंख्याच येते. असे का व्हावे?

सुट्या २४ फरश्यांच्या एकूण कडा २४ × ४ = ९६. दोन फरश्या एकमेकींना भिडल्या की त्या जोडात प्रत्येकीची एक, अशा दोन कडा झाकल्या जातात. म्हणून प्रत्येक जोडामागे ९६ मधून २ वजा होतात. समसंख्येतून दोन-दोन कितीही वेळा वजा केले तरी बाकी समच राहते. फरश्या कितीही असोत, हा युक्तिवाद तसाच लागू पडतो. कारण कोणत्याही संख्येची चौपट समच असते. म्हणून :

परिमिती = (फरश्यांची संख्या × ४) − (जोडांची संख्या × २)

हा नियम हाती आला की मघाचे कोष्टकही उलगडते. एकेरी ओळीत २४ फरश्यांना २३ जोड असतात; ९६ − ४६ = ५०. चार ओळी व सहा रांगा यांच्या आयतात ३८ जोड असतात; ९६ − ७६ = २०. फरश्या जितक्या एकमेकींना बिलगून राहतील, तितक्या अधिक कडा आत झाकल्या जातील. आकृती अखंड राहण्यासाठी निदान २३ जोड हवेतच. म्हणून २४ फरश्यांची परिमिती ५० हून अधिक कधीच होणार नाही.

याच ठिकाणी आणखी एक प्रयोग करावा. पंचवीस फरश्यांचा ५ × ५ चौरस रचावा. त्याची परिमिती २०. त्यातील कोपऱ्याची एक फरशी उचलावी. क्षेत्रफळ २४ झाले, परंतु परिमिती २० च राहिली. कारण दोन बाहेरच्या कडा गेल्या आणि आतल्या दोन उघड्या पडल्या. ती फरशी परत ठेवून कडेच्या मधली एक फरशी उचलावी. आता एक कड गेली आणि तीन उघड्या पडल्या, परिमिती २२. शेवटी चौरसाच्या अगदी मधली फरशी उचलावी. परिमिती, पोकळीच्या चार कडा धरून, २४ झाली. तिन्ही वेळा जागा एका फरशीने घटली. परिमिती मात्र एकदा तशीच राहिली आणि दोनदा वाढली. एक वाढले की दुसरेही वाढते, ही समजूत येथे पुरती ढासळते.

४. परिमिती तीच, जागा निराळी

आता प्रश्न उलटा करू. परिमिती २४ एकके असावी, असे सर्व आयत रचावेत. लांबी व रुंदी यांची बेरीज १२ झाली पाहिजे.

१ × ११ : क्षेत्रफळ ११
२ × १० : क्षेत्रफळ २०
३ × ९ : क्षेत्रफळ २७
४ × ८ : क्षेत्रफळ ३२
५ × ७ : क्षेत्रफळ ३५
६ × ६ : क्षेत्रफळ ३६

तितक्याच लांबीच्या दोरीने एकदा ११ फरश्या वेढल्या जातात, तर एकदा ३६. सर्वांत अधिक जागा चौरसाची आहे. प्रत्येक क्षेत्रफळ ३६ हून कितीने कमी आहे ते लिहिले, तर २५, १६, ९, ४, १, ० ही संख्यांची माळ मिळते. या सर्व वर्गसंख्या आहेत. ही जुळणी योगायोगाची नव्हे, हे फरश्या सरकवून दाखविता येते.

४ × ८ चा आयत घ्यावा. त्यातून ४ × ४ चा चौरस वेगळा करावा. उरलेल्या भागाच्या ४ × २ अशा दोन सारख्या पट्ट्या कराव्यात. एक पट्टी चौरसाच्या उजवीकडे आहे तशीच ठेवावी आणि दुसरी फिरवून चौरसाच्या खाली लावावी. जी आकृती तयार होते ती जवळजवळ ६ × ६ चा चौरसच होय. केवळ कोपऱ्यात २ × २ एवढी जागा रिकामी राहते. म्हणून ३२ म्हणजे ३६ वजा ४. हीच कृती ३ × ९ वर केल्यास कोपऱ्यात ३ × ३ ची जागा रिकामी राहील आणि २७ = ३६ − ९ हे डोळ्यांना दिसेल.

आयताचा चौरस करण्याची ही रीत फार प्राचीन आहे. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील ग्रंथांत, बौधायनाने तीच सांगितली आहे : आयतातून चौरस काढा, उरलेल्याचे दोन भाग करा, एक भाग दुसऱ्या बाजूस लावा आणि कोपऱ्यातील उणीव लहान चौरसाने भरून काढून मग ती वजा करा. शुल्बकारांना या प्रश्नाची गरज होती. अग्निचितीचे आकार निरनिराळे असत. पंख पसरलेल्या श्येनाचाही एक आकार होता. परंतु मूळ चितीचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष एवढेच ठेवावे लागे. पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा, अशी एक हजार विटांची ही रचना असे. एक पुरुष म्हणजे १२० अंगुळे. ‘चतुर्थी’ नावाच्या चौरस विटेची बाजू ३० अंगुळे असल्याने एका चौरस पुरुषात अशा १६ विटा बसत. आकार बदलला तरी जागा बदलू नये, हा त्यांचा नियम. आणि आपण मघापासून पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी तोच पडताळून पाहत आहोत.

५. बांधी आणि धुरा

छत्तीसगड हा धानाचा प्रदेश. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेताच्या एकेका खाचराला ‘बांधी’ आणि तिच्या भोवतीच्या मातीच्या बांधाला ‘धुरा’ म्हणतात. बांधीत पाणी साठविण्यासाठी धुरा हवाच. परंतु धुऱ्याखाली गेलेल्या जमिनीवर रोवणी होत नाही.

समजा, एक बांधी ६० मीटर × ६० मीटर आहे आणि दुसरी १०० मीटर × २० मीटर. दोहोंची परिमिती २४० मीटर. कोणी केवळ सभोवार पावले टाकून मोजील, तर दोन्ही सारख्याच भरतील. परंतु पहिलीचे क्षेत्रफळ ३,६०० चौरस मीटर आहे, दुसरीचे २,०००. आता दोहोंच्या हद्दीच्या आतून अर्धा मीटर रुंदीचा धुरा घातला, तर पहिलीत लागवडीला ५९ × ५९ म्हणजे ३,४८१ चौरस मीटर जागा उरते आणि दुसरीत ९९ × १९ म्हणजे १,८८१. दोन्हीकडे धुऱ्याखाली गेलेली जमीन अगदी सारखी, ११९ चौरस मीटर, आहे. पण पहिल्या शेतकऱ्याची सुमारे ३.३ टक्के जमीन गेली, तर दुसऱ्याची जवळजवळ ६ टक्के. वाटणी होता होता शेताच्या लांबच लांब चिंचोळ्या पट्ट्या झाल्या, की जमीन तेवढीच राहूनही धुरे वाढतात आणि पीक घटते, याचे कारण या आकड्यांत आहे.

कडेवरून जागेचा अंदाज करण्याची चूक फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने लिहून ठेवले आहे की बहुतेक लोक नगराचा विस्तार त्याच्या परिघावरून ठरवितात. मेगालोपोलिस नगराचा परीघ ५० स्टेडियम आणि स्पार्टाचा ४८. तरीही स्पार्टा मेगालोपोलिसच्या दुप्पट आहे, असे सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस याने तर अशा वाटेकऱ्यांचा उल्लेख केला आहे, जे अधिक परिमितीचा परंतु कमी क्षेत्रफळाचा तुकडा दुसऱ्याला देत, स्वतः मोठी जमीन घेत आणि वर प्रामाणिकपणाचा लौकिकही मिळवीत.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) याविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. चौकोनाच्या केवळ चार बाजू सांगून त्याचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच समजावा, आणि उत्तर देणारा त्याहूनही अधिक, अशा आशयाचे त्यांचे वचन प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ करून पाहता येतो. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टोकांशी टाचण्यांनी जोडून चौरस करावा आणि समोरासमोरचे दोन कोपरे हळूहळू एकमेकांजवळ आणावेत. चारही बाजू जशाच्या तशा राहतात. आतली जागा मात्र आक्रसत जाऊन अखेर नाहीशी होते. बाजूंबरोबर एखादा कर्ण अथवा लंब ठाऊक असल्यावाचून क्षेत्रफळ ठरत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आढळते.

६. चौरसातील विषम संख्या

आता चौरस कसा वाढतो ते पाहू. कोपऱ्यात एक फरशी ठेवावी. तिच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन फरश्या लावल्या की २ × २ चा चौरस होतो. पुढे पाच, मग सात. पुढील आकृतीत प्रत्येक वेळी भर घातलेल्या फरश्या एकाच अक्षराने दाखविल्या आहेत :

क ख ग घ
ख ख ग घ
ग ग ग घ
घ घ घ घ

म्हणजे १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. एकापासून क्रमाने घेतलेल्या विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्गसंख्या येते. कारण उघड आहे : चौरसाच्या दोन बाजूंना एकेक पट्टी लागते आणि कोपऱ्याला आणखी एक फरशी, म्हणून प्रत्येक नवी भर मागच्या भरीपेक्षा दोनने मोठी असते. त्याच वेळी परिमिती ४, ८, १२, १६ अशी दर वेळी चारनेच वाढते. क्षेत्रफळाची वाढ दर पावलाला मोठी होत जाते, परिमितीची मात्र ठरलेलीच राहते. दोन मापांचा भिन्न स्वभाव येथेही दिसून येतो.

दुसरी रचना जिन्याची. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार फरश्या डावीकडून सारख्या लावून ठेवाव्यात. एकूण दहा झाल्या. असाच दुसरा जिना उलटा करून पहिल्याला जोडला, तर ४ × ५ चा आयत होतो. म्हणून १ + २ + ३ + ४ ही बेरीज २० ची निम्मी. शंभरापर्यंतच्या संख्यांची बेरीजही याच रीतीने १०० × १०१ ची निम्मी, म्हणजे ५,०५० येते. या जिन्याची परिमितीही मोजावी. ती १६ भरते, अगदी ४ × ४ च्या चौरसाएवढी. क्षेत्रफळ मात्र १६ नसून १० आहे.

श्रेढींची बेरीज क्षेत्ररूपाने दाखविण्याची परंपरा आपल्याकडे होती. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त घनसंख्यांच्या बेरजेचा नियम आहे, आणि पुढे केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी आपल्या भाष्यात श्रेढींच्या बेरजा आकृतींच्या आधारे समजावून दिल्या.

७. अनुमान आणि सिद्धता

फरश्या मांडताना रचना लवकर दिसते, हा त्यांचा गुण; पण चार उदाहरणांत दिसलेली रचना पाचव्यात टिकेलच असे नाही. आपण वर प्रत्येक वेळी ‘का’ असे विचारले, त्याचे कारण हेच. त्याचे एक उदाहरण पुरेसे होईल. एक, दोन, तीन, चार अशा फरश्यांनी किती वेगवेगळ्या आकृती होतात ते मोजावे. फिरवून अथवा पालथी करून तीच होणारी आकृती पुन्हा मोजू नये. उत्तरे अनुक्रमे १, १, २, ५ अशी येतात; पुढे पाच फरश्यांच्या १२ आणि सहांच्या ३५. १९५३ साली अमेरिकन गणितज्ञ सोलोमन गोलोम्ब यांनी या आकृतींना ‘पॉलिओमिनो’ हे नाव दिले. संगणकांच्या साहाय्याने त्यांची मोजणी फार पुढे गेली आहे. तथापि फरश्यांची संख्या दिली असता आकृतींची संख्या थेट सांगणारे सूत्र आजवर कोणालाही सापडलेले नाही.

८. स्वाध्याय

(१) बारा फरश्यांची सर्वांत अधिक व सर्वांत कमी परिमिती किती? जोडांच्या नियमाने पडताळा पाहा.

(२) परिमिती न बदलता ६ × ६ च्या चौरसातून एकामागून एक फरशी काढीत जा. आकृती अखंड राहिली पाहिजे. जास्तीत जास्त किती फरश्या काढता येतात?

(३) ४ × ४ च्या चौरसाचे क्षेत्रफळ १६ आणि परिमितीही १६. ज्यात हे दोन आकडे सारखे येतात असा आणखी एकच आयत आहे, तो शोधा. नंतर फरशीची बाजू निम्मी करून ४ × ४ चा तोच चौरस पुन्हा मोजा. आकडे आता ६४ आणि ३२ येतात. यावरून, निरनिराळ्या एककांत मोजलेल्या दोन मापांचे आकडे सारखे आले म्हणून ती मापे सारखी म्हणता येतील काय?

(४) ६ × ६ च्या चौरसाच्या कोपऱ्यातील एक फरशी रंगवा. तिच्या भोवती दोन फरश्या रुंदीची आणि त्याबाहेर तीन फरश्या रुंदीची भर वेगवेगळ्या रंगांत दाखवा. तिन्ही रंगांच्या फरश्या मोजा व १, ८, २७ या घनसंख्यांचा १ + २ + ३ या बेरजेशी असलेला संबंध लिहा.

(५) आपल्या शाळेच्या क्रीडांगणाची लांबी, रुंदी, परिमिती आणि क्षेत्रफळ मोजा. तेवढीच परिमिती असलेले चौरस क्रीडांगण आखले असते, तर किती चौरस मीटर जागा अधिक मिळाली असती?